ठाण्याला खिडकी

गेल्या आठवड्यात सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, मला ठाण्याला खिडकी मिळाली. वाऱ्याच्या तोंडाची, आणि उन्हाच्या उलट बाजूची. हे वाचून ज्यांच्या पोटात बारीकसं दुखलं त्यांना पुढचं काही समजावायला नको. बाकीच्यांसाठी जरा विस्ताराने लिहिते.

आठ-सव्वाआठला डोंबिवलीत येणारी फास्ट कल्याणच्या पलीकडूनच भरून येते. बदलापूर, टिटवाळा, आसनगावच्या बायका अंधारात उठून, पोळ्या लाटून, डबे भरून निघालेल्या असतात, त्यामुळे त्यांच्या सीटवर आणि झोपेवर त्यांचा पूर्ण हक्क. आपण फक्त आत शिरायचं. दोन्ही पाय टेकले, पर्स पोटाशी आली, मागचीच्या छत्रीचं टोक बरगडीत जात नाही एवढं पाहिलं, की पहिली फेरी जिंकली. दुसरी फेरी तोंडाची. बसलेल्या बाईकडे बघायचं आणि एकच शब्द विचारायचा.

"कुठे?"

"ठाणा."

"दिलीय कुणाला?"

"हो, त्या हिरव्या ड्रेसला."

मग गर्दीत हिरवा ड्रेस शोधायचा आणि त्या ड्रेसला विचारायचं, "तुम्ही कुठे?" ती म्हणते दादर. म्हणजे दादरनंतरची सीट आपली, पण भायखळा आणि व्हीटी एवढ्यासाठी कोण बसतंय? (सीएसएमटी म्हणायची सवय आमच्या डब्यात अजून कुणालाच लागलेली नाही.) पुढची बाई, पुढचा प्रश्न. कागद नाही, पावती नाही, एकेका सीटवर तीन-तीन जणींचा नंबर लागलेला, आणि तरी तो व्यवहार चोख चालतो. माझ्या ऑफिसात एक खुर्ची या टेबलावरून त्या टेबलाला द्यायची तर तीन सह्या लागतात.

आता खिडकीचं. खिडकीवाली उठली म्हणजे खिडकी तुम्हाला मिळते असं अजिबात नाही. मधली खिडकीकडे सरकते, कडेची मधे येते, आणि खिडकीचा नंबर लावून ठेवलेल्या बाईच्या वाट्याला येते ती चौथी सीट, म्हणजे अर्धी मांडी बाकावर आणि उरलेली हवेत. त्या दिवशी काय झालं, खिडकीवालीने जिला सीट सांगून ठेवली होती तिला मागच्या रांगेत आधीच बसायला मिळालं. मधली गाढ झोपेत. कडेच्या बाईंना घाटकोपरला उतरायचं होतं, त्यांनी गुडघे बाजूला घेतले आणि म्हणाल्या, "जा हो आत तुम्ही, मी कशाला सरकू." तीन वेगवेगळ्या बायकांचं तीन वेगवेगळ्या कारणांनी एकाच स्टेशनावर जुळलं. मुलुंडपर्यंत माझा विश्वास बसत नव्हता. मग मी चप्पल सैल केली आणि डोकं जाळीला टेकवलं.

संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो गेली काही वर्षं घरूनच काम करतो.

"बरं झालं," तो म्हणाला. "भाजी आणलीस का?"

त्याचा राग नाही. मोठ्या यशाचं सोपं असतं. मुलगा इंजिनियर झाला, घराचं कर्ज फिटलं, हे वॉचमनपासून व्याह्यांपर्यंत कुणालाही सांगा, त्याला त्याचं मोल कळतं आणि तो पेढे मागतो. लहान विजयाला मात्र जाणकार श्रोता लागतो. त्यातली अडचण ज्याने स्वतः भोगली नाही त्याला सांगून काही उपयोग नाही, तो "बरं झालं" म्हणणार आणि भाजीवर येणार. दुसऱ्या दिवशी ऑफिसात विरारच्या मैत्रिणीला सांगितलं तर तिचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक झाले आणि ती म्हणाली, "आमच्याकडे विरार फास्टमधून बोरिवलीला उतरून दाखव, मग बोल." याला म्हणतात दाद.

सासूबाई लोकलने फारशा कुठे जात नाहीत, पण स्वयंपाकघरातल्या विजयाला त्यांच्यासारखा श्रोता दुसरा नाही. आमच्याकडे नवा सिलिंडर लावला की कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलने 'गॅस' लिहितात. १४.२ किलोचा सिलिंडर आमच्या घरात किती पुरतो याचा अंदाज त्यांच्या डोक्यात पक्का असतो, फक्त पाहुणे आणि सण आले की तो बिघडतो. यंदा होळीला तो असाच संपत आलेला. दुसरा भरलेला होता, पण प्रश्न सिलिंडरचा नव्हताच. पुरणपोळी चालू असताना गॅस गेला की पुरणाचे हात धुवा, गॅलरीतून तो जड सिलिंडर आत ओढा, रेग्युलेटर काढा, लावा, आणि तोवर तव्याचा ताव गेलेला. त्या तव्यावर पुढची पोळी टाकली की ती चिकटते, फुटते, पुरण जळतं, आणि घरभर तो करपट वास. कणीक तर वाट बघत बसत नाही, ती सैल पडते.

शेवटची पोळी फुगली, मी ती कडेने तूप सोडून उतरवली, आणि ज्योत निळ्याची पिवळट झाली. मग नुसतीच फुरफुरली आणि गेली. सासूबाई ओट्यापाशीच होत्या. त्यांनी आधी बर्नरकडे पाहिलं, मग पोळ्यांच्या चळतीकडे. "कटाची आमटी?" त्यांनी विचारलं. "झालीय, सकाळीच." त्यांनी देवघराच्या दिशेने हात जोडले. त्यांच्या मते अन्नपूर्णा. नवऱ्याच्या मते योगायोग, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. माझ्या मते दोघांनीही हे गरम पोळी खाता खाता ठरवायला हरकत नव्हती.

असल्या बारीक गोष्टी मोजायला बसलं तर रोज काही ना काही निघतं. माहेरी साताऱ्याला जाताना एसटीत तिकिटाचे पैसे बरोब्बर सुटे काढून दिले की कंडक्टर मान वर करून एकदा तोंडाकडे बघतो, ते बघणं मला आवडतं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून मी पर्सच्या आतल्या कप्प्यात नाण्यांची वेगळी पुडी ठेवते. दळण आणायला गेले आणि गिरणीत आपला नंबर ज्वारीच्या मागे लागला नाही, गव्हाच्याच मागे लागला, हेही आलं. इस्त्रीवाल्याने साडीची घडी आपण घालतो तशीच घातली. असो, ही यादी मी वाढवणार नाही.

योगायोगाचं मात्र थोडं सांगायचंय, कारण त्यात माझा धंदा आडवा येतो. मी शिकले संख्याशास्त्र आणि नोकरी करते सरकारी ऑफिसच्या आस्थापना शाखेत, म्हणजे लोकांची सेवापुस्तकं, रजा, वेतनवाढी आणि निवृत्त्या. तर झालं असं, की आमच्या गाडीच्या ग्रुपमध्ये तीसेक जणी आहेत. दसऱ्याला डबा सजवायचा, कुणाचा वाढदिवस असला की दिव्याच्या आसपास केक कापायचा आणि कुर्ल्याच्या आत संपवायचा, असा आमचा संसार. वाढदिवसांची यादी करताना लक्षात आलं की दोघींची तारीख एकच आहे. सगळ्या डब्यात एकच गलका. काय योगायोग, मागच्या जन्मीच्या बहिणी वगैरे.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, अगं, २३ जणी जरी एकत्र आल्या तरी त्यातल्या कुणा दोघींचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. तीस जणींत ती ७० टक्क्यांवर जाते. कुणी मानायला तयार नाही. वर्षाला ३६५ दिवस आणि तू २३ कुठून काढतेस? मग उभ्या-उभ्या समजावलं की आपण 'माझा वाढदिवस कुणाशी जुळतो' असं बघतच नाही आहोत, कुणाचाही कुणाशीही जुळला तरी आपण ओरडणार आहोत. तेव्हा माणसं मोजू नका, जोड्या मोजा. २३ जणींच्या जोड्या होतात २५३. एवढ्या जोड्यांत एखादी जुळली तर नवल काय? बँकेतली मैत्रीण सगळं शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे केक एकच आणायचा ना?"

पण खरी गंमत पुढेच होती. ती जुळलेली तारीख होती १ जून. आणि १ जून कळल्यावर माझं २३ आणि २५३ दोन्ही निकालात निघालं, कारण महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असणं याला योगायोग म्हणतच नाहीत. आमच्या आईवडलांच्या पिढीत, आणि खेडोपाडी त्याच्या नंतरही, पोर शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, आणि उत्तर यायचं, 'दुष्काळानंतरच्या आखाडात' किंवा 'थोरलीच्या पाठीवरचा'. गुरुजी पटावर १ जून लिहून मोकळे. शाळा जूनमध्ये सुरू, वयाचा हिशेब सोपा. आमच्या कपाटातली जुनी सेवापुस्तकं उघडा, पान पान १ जून सापडेल. आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून दरवर्षी ३१ मे आला की शाल, श्रीफळ आणि सामोशांच्या ऑर्डरची आमच्याकडे झुंबड उडते. एका शाखेतले तिघे-तिघे एका दिवशी जातात आणि नवा आलेला क्लार्क म्हणतो, अरे, काय योगायोग!

आमच्यातल्या त्या दोघींपैकी मोठी आहे ती लगेच म्हणाली, "माझी गुरुजींचीच आहे. आई सांगते मी आवण्या चालू असताना झाले." आवण्या म्हणजे भातलावणी, म्हणजे जुलै. तेव्हापासून आम्ही तिचा केक पहिल्या जोराच्या पावसात कापतो.

केंब्रिजला जॉन लिटलवुड नावाचे गणिती होते (१८८५-१९७७). रामानुजन यांना तिकडे बोलावून घेणाऱ्या हार्डींचे ते कामातले जोडीदार. त्यांच्या नावाने एक गमतीचा नियम सांगतात. माणूस दिवसातले आठ तास नीट जागा असतो आणि दर सेकंदाला काहीतरी एक बघतो-ऐकतो असं धरलं, तर दिवसाचे २८,८०० प्रसंग झाले, आणि ३५ दिवसांत दहा लाखांच्या वर गेले. तेव्हा दहा लाखांत एकदा घडावा असा चमत्कार प्रत्येकाला महिन्या-सव्वामहिन्यात एकदा दिसायलाच हवा. नाही दिसला तर विचारायचं, कुठे अडला? मला हा नियम फार आवडतो, फक्त सेकंदाला एक प्रसंग हा हिशेब केंब्रिजचा झाला. सकाळच्या कुर्ल्याला सेकंदाला किमान चार घडतात, त्यातले दोन आपल्या पायावर.

एवढं गणित येत असूनही माझ्याच बाबतीत एक गोष्ट अशी झाली की मी दोन स्टेशनं गप्प बसले होते.

दिवाळीच्या आधीचा शुक्रवार. परतीची गाडी. दिवाळीच्या आधी आमच्याकडे फराळ हातोहात फिरतो. कुणाचा डबा कुठून निघतो आणि कुठे पोचतो याचा पत्ता नसतो, फक्त झाकण शेवटी मालकिणीला मिळालं पाहिजे. पलीकडच्या बाकावरून करंज्यांचा एक डबा आला. ती बाई आमच्या ग्रुपची नव्हती, बदलापूरला जाणारी. मी करंजी घेतली, झाकण लावायला हातात घेतलं आणि अंगठ्याला अक्षरं लागली.

पूर्वी भांडी घेतली की दुकानातच नाव घालून मिळायचं. आता ते मशीनने होतं, गुळगुळीत आणि सारखं. तेव्हा छिन्नी आणि हातोडी असायची, टकटक करत अक्षर उमटायचं आणि बोट फिरवलं की खरखरायचं. माझ्या आईच्या लग्नात, १९७४ साली, तिच्या मामाने स्टीलचे डबे दिले होते, एकात एक बसणारे. त्यावर 'मामाकडून, वाई' आणि साल. नाव घालणाऱ्याचा अंदाज चुकलेला. 'वा' काठापर्यंत गेला आणि 'ई'ला जागाच उरली नाही, म्हणून त्याने तो खालच्या ओळीत, एकटाच, जरा तिरका ठोकला. लहानपणी मला अक्षरं नुकती यायला लागली तेव्हा मी ते 'मामाकडून वा' असं वाचायचे आणि खाली 'ई' म्हणजे कुणीतरी नाक मुरडलंय असं समजायचे.

त्या झाकणावर 'ई' खालीच होता. तिरका.

हा डबा आई माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू भरून डोंबिवलीला घेऊन आली होती. पुढे कधीतरी तो आमच्या जुन्या बिल्डिंगमधल्या शेजारणीकडे काहीतरी घालून गेला, तिने घर बदललं, आणि डबा गेला तो गेलाच. सासूबाई वर्षातून एकदा तरी त्याची आठवण काढतात. घरातून बाहेर गेलेल्या प्रत्येक भांड्याची त्यांच्याकडे नोंद असते, पुतण्यांच्या वाढदिवसांची नसते.

मी उठले. खिडकीजवळची सीट होती, तरी उठले. ग्रुपला यावरूनच कळलं की काहीतरी गंभीर आहे. त्या बाईंपाशी जाऊन विचारलं, हा डबा तुमच्याकडे कुठून आला? त्या आधी बिचकल्या. मग म्हणाल्या, जावेकडून. जावेकडे तिच्या मजल्यावरच्या कुणाकडून तरी. त्यापुढे त्यांनाही माहीत नव्हतं. मी 'ई' दाखवला आणि त्याची गोष्ट सांगितली. अर्धा डबा ऐकत होता. एकीने झाकण हातात घेऊन अक्षरांवरून बोट फिरवलं, मग तिच्या शेजारणीने, मग उभी असलेलीने. चोरीमारी नाही, हरवलेलं मंगळसूत्र नाही, साधा लाडवाचा डबा. पण त्या गाडीतल्या प्रत्येकीच्या घरातून असा एक डबा कधीतरी गेलेला होता आणि प्रत्येकीच्या घरात दुसऱ्या कुणाचा तरी एक येऊन राहिलेला होता. कुणीही "बरं झालं, भाजी आणलीस का" म्हणालं नाही.

आता गणित सांगायचं तर तेही फारसं अवघड नाही. स्टीलचा डबा मरत नाही. शेजारीण गेली तीही याच लाइनवर, जागा स्वस्त मिळते म्हणून सगळे सरकतात तशी कल्याणच्या पुढे. फराळ दरवर्षी फिरतो, तो याच गाड्यांतून. आणि आपल्याकडच्या बायका डबा रिकामा परत देत नाहीत, काहीतरी घालायचं म्हणून तो थांबून राहतो, आणि थांबलेला डबा पुढे तिसरीकडे जातो. एवढ्याशा वर्तुळात इतकी वर्षं फिरणारी वस्तू कधीतरी समोर येणारच. हे सगळं मी त्या रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पण आपल्याकडे डबे भरपूर आहेत की."

त्या बाई म्हणाल्या, घेऊन जा, तुमच्या आईचा आहे. असा कसा घेऊन जाणार? त्यात त्यांच्या करंज्या होत्या, आणि बदल्यात द्यायला माझ्या हातात जेवणाचा उष्टा डबा. शेवटी ग्रुपने प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला, ठाण्याच्या आत सगळ्या करंज्या खाऊन टाकल्या. सोमवारी मी भाजणीच्या चकल्या घेऊन गेले, एका चांगल्या, नव्या, बिननावाच्या डब्यात. सासूबाईंनी तो देताना दोनदा विचारलं, "हा परत येणार आहे का?" मी म्हटलं, काही वर्षांनी.

मामाने दिलेल्या डब्यांपैकी मोठे साताऱ्याला भावाकडे आहेत, हा आता माझ्याकडे. सगळ्यात धाकटा, वेलदोड्यांचा, आईनेच कुणाला तरी दिला होता. त्याच्यावर जागा इतकी कमी की पूर्ण मजकूर बसलाच नव्हता, नुसतं 'मामा, वा' एवढंच आहे. कुणाच्या मांडणीवर दिसला तर परत नको. त्यात तुम्ही काय ठेवता तेवढं कळवा, सासूबाईंना नोंद करायची आहे.